सोडलेला मासा जगतो का?

जिवाची तगमग सांगायची झाली की मराठी माणूस हमखास म्हणतो, 'पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखी तडफड होतीय'. संतांनी ही उपमा देवाच्या ओढीसाठी वापरली, सिनेमावाल्यांनी प्रेमासाठी. आपल्या मंडळाच्या कवितावाचनातही ती कुणाच्या ना कुणाच्या ओळीत येतेच. पण त्या तडफडीत माशाच्या अंगात नेमकं काय चाललेलं असतं, आणि पुन्हा पाण्यात गेल्यावर तो खरोखर वाचतो का, हे आपण सहसा विचारत नाही. या लेखात तेवढंच बघू.

विषय आपल्या दारातला आहे. निपाणीजवळ वेदगंगा, पलीकडं दूधगंगा, संकेश्वरला हिरण्यकेशी, हिडकलला घटप्रभेचं धरण, खानापूरकडं मलप्रभा. एवढं पाणी म्हटल्यावर सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन बसणारी पोरं असणारच. त्यातले काहीजण मासा खायला नेतात. काहीजण मात्र निव्वळ हौसेनं गळ टाकतात, मासा लागला की फोटो काढतात, स्टेटसला लावतात आणि मासा परत सोडतात. 'जगला का रे तो?' असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, 'सोडला की! पवत गेला बघ.'

पवत गेला हे खरं असतं. पण मासा मरतो तो बहुतेक वेळा आपल्यासमोर मरत नाही. काही तासांनी, कधी काही दिवसांनी, खालच्या डोहात कुठंतरी मरतो. तो आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण त्याला जगलेल्यांत धरतो.

तडफड म्हणजे काय

माशाला ऑक्सिजन लागतो तो पाण्यात विरघळलेला. एक लिटर हवेत साधारण २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो, एक लिटर पाण्यात जेमतेम पाच-सात मिलिलिटर. एवढ्या थोड्या ऑक्सिजनवर भागवायचं म्हणून माशाच्या कल्ल्यांची रचना फार नाजूक असते. कल्ल्यावर केसासारखे तंतू, त्या तंतूंवर आणखी बारीक पातळ पापुद्रे, आणि त्या पापुद्र्यांतून रक्त खेळतं. पाण्यात हे पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे सुटे राहतात. हवेत आले की ओल्या पानांसारखे एकमेकांना चिकटतात. भोवती हवेत भरपूर ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो, तो यामुळं.

त्याआधी गळाला लागल्यावर त्यानं झुंज दिलेली असते. नेहमीच्या संथ पोहण्याला माशाला ऑक्सिजन पुरतो. पण जीव घेऊन पळताना त्याचे पांढरे स्नायू ऑक्सिजनशिवाय मिळणारी ऊर्जा वापरतात आणि अंगात लॅक्टिक आम्ल साठतं. आपण शंभर मीटर जोरात धावल्यावर धापा टाकतो, तसंच. धापा टाकून आपण तो हिशोब चुकता करतो. माशाला नेमक्या त्याच वेळी आपण पाण्याबाहेर धरून ठेवतो, म्हणजे धावून आलेल्या माणसाचं नाक-तोंड दाबण्यासारखं झालं. पाण्यात परत गेल्यावरही हा थकवा उतरायला कित्येक तास लागतात. तेवढा वेळ मासा मोठ्या माशाच्या, पाणकावळ्याच्या किंवा ऊदमांजराच्या तोंडी सहज लागतो.

एका मिनिटाची किंमत

यावर सगळ्यात जास्त अभ्यास झाला तो ट्राउट माशावर. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. आपल्या देशात तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी अशा ठिकाणी इंग्रजांच्या काळात बाहेरून आणून सोडला गेला. आपल्या नद्यांत तो टिकणार नाही. पण त्याच्यावरचा एक प्रयोग माहीत असावा असा आहे.

कॅनडातल्या फर्ग्युसन आणि टफ्ट्स या दोन संशोधकांनी १९९२ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी ट्राउट मासे टाकीत पळवून दमवले. दमवून लगेच पाण्यातच ठेवलेल्या माशांपैकी १२ टक्के पुढच्या १२ तासांत मेले. दमवून ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के मेले, आणि ६० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ७२ टक्के. हे प्रयोगशाळेतले मासे होते, रक्ताचे नमुने घेण्यासाठी त्यांच्या अंगात बारीक नळीही बसवलेली होती, त्यामुळं नदीतल्या माशाला हेच आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. पुढच्या बऱ्याच अभ्यासांत मृत्यूचं प्रमाण याहून कमी आलं. पण हवेतला वेळ वाढला की धोका वाढतो, ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. एक मिनिट म्हणजे किती, तर 'अरे थांब, माझ्या मोबाईलमध्ये पण काढ' असं दोनदा म्हणण्याइतका वेळ.

दुसरी गोष्ट पाण्याच्या तापमानाची. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागं सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. उलट पाणी तापलं की माशाची ऑक्सिजनची गरज वाढते. एप्रिल-मे महिन्यात वेदगंगेचं पात्र आटून डबकी राहतात, पाणी अंगाला कोमट लागतं. तेव्हा भर दुपारी दमवलेला मासा सोडला तरी त्याला सावरायला पाण्यात काही शिल्लक नसतं. त्या दिवसांत गळ टाकायचाच तर भल्या पहाटे टाकावा; दुपारी नकोच.

मरळीचा हिशोब खडशीला लावू नका

गावाकडं पुष्कळांचा अनुभव असतो, की बाजारातून आणलेली मरळ बादलीत, अगदी थोड्या पाण्यात, तासन् तास जिवंत राहते. त्यावरून 'माशाला काय होतंय पाच मिनिटांनी' असा समज होतो. पण मरळ, डोकऱ्या, मांगूर हे वेगळ्या जातकुळीचे मासे. कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याची जादा सोय त्यांच्याकडं असते. मरळीला तर वर येऊन हवा घ्यावीच लागते. रोहू, कटला, मृगळ, खडशी यांना ही सोय नाही.

खडशी म्हणजे महसीर. ही आपल्याच कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातली मासळी. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांवर निबंध लिहिला आणि १८३९ मध्ये या माशाला शास्त्रीय नाव दिलं, त्यात पुण्याजवळच्या मुळा-मुठेवरच्या लोकांच्या तोंडचा शब्दच त्यानं घेतला. आज जगभर त्याला 'टॉर खुद्री' म्हणतात. 'मुसल्ला', 'कोलस' ही त्याच निबंधातली नावंही इथल्याच बोलीतून उचललेली. मराठी वाङ्मय मंडळाच्या अंकात एवढं सांगायला हरकत नाही, की आपल्या मासेमाऱ्यांचे शब्द लॅटिन नावांत जाऊन बसलेत, मासे मात्र नदीत कमी झालेत.

खडशीला वाहतं, स्वच्छ, भरपूर ऑक्सिजनचं पाणी लागतं. ती सावकाश वाढते. रोहू-कटल्याची मादी एका हंगामात लाखांनी अंडी घालते, खडशीची अंडी हजारांत मोजायची. म्हणून मोठी खडशी मेली तर तिची जागा भरून निघायला फार वर्षं लागतात. कावेरीत याच जातीवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिलासा देणारी गोष्ट दिसली: नीट हाताळून सोडलेल्या खडशी बहुतेक वाचतात. म्हणजे सोडण्यात अर्थ आहे. सगळं आपल्या हाताळण्यावर आहे.

गळापासून पाण्यापर्यंत

मासा सोडायचा की न्यायचा हे मासा लागल्यावर ठरवायचं नसतं. ते गळ टाकायच्या आधी ठरवावं लागतं, कारण तयारीच वेगळी करावी लागते.

गळ एकच आणि साधा वापरावा. तीन आकड्यांच्या गळानं माशाचं तोंड फाटतं, कधी डोळाही जातो. गळाच्या टोकाजवळ जो उलटा काटा असतो तो पकडीनं दाबून सपाट करावा. मासा थोडा जास्त निसटेल, पण गळ काढायला दोन सेकंद पुरतील. तंगूस फार बारीक घेऊ नये. बारीक तंगुसावर मोठा मासा लागला की तो तुटू नये म्हणून अर्धा तास खेळवत बसावं लागतं, आणि तेवढ्यात मासा पार गळून जातो. जाड तंगूस घेऊन लवकर काठाशी आणणं माशासाठी बरं. गांडुळासारखं जिवंत आमिष लावून काठी दगडाला टेकवून गप्पा मारत बसलं की मासा गळ पोटापर्यंत गिळतो. हौसेनं सोडायचं असेल तर काठी हातात हवी.

मासा काठाशी आला की त्याला पाण्यातच ठेवावं. हाताला धरायच्या आधी हात ओले करावेत. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो तो आपल्याला किळसवाणा वाटतो, पण तीच त्याची कातडीवरची कातडी. बुरशी आणि जंतू त्यामुळं बाहेर राहतात. कोरडा हात, टॉवेल, पोतं, तापलेला दगड, वाळू, यातलं काहीही लागलं की तो थर निघतो. आठ-दहा दिवसांनी त्याच जागी कापसासारखी पांढरी बुरशी चढते आणि मासा मरतो. आपल्याला वाटतं, पाण्यालाच काहीतरी झालं असेल.

कल्ल्यांत बोट घालून मासा कधीच उचलू नये. फोटोत ते रुबाबदार दिसतं, पण ते पापुद्रे एकदा फाटले की रक्त थांबत नाही. मोठा मासा नुसत्या जबड्याला धरून उभा लोंबकळत ठेवला की त्याचं सगळं वजन जबड्यावर आणि मणक्यावर येतं. पाण्यात त्याला स्वतःचं वजन पेलावं लागत नाही, हे लक्षात ठेवावं. उचलायचाच तर एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली, आणि पाण्यापासून वीतभर वर. हातातून सुटला तरी पाण्यातच पडेल.

गळ ओठाला असेल तर लांब तोंडाच्या पकडीनं, लागला त्याच्या उलट दिशेनं काढावा. घशात गेला असेल तर ओढाओढ करू नये. तोंडाजवळ तंगूस कापून टाकावा. दहा रुपयांचा गळ जातो, पण मासा वाचण्याची शक्यता वाढते. आत राहिलेला गळ काही मासे पुढं टाकून देतात. ओढून काढलेल्या गळाबरोबर मात्र आतली आतडी, रक्तवाहिन्याच येतात.

फोटोसाठी एक सोपा नियम आहे. मासा पाण्याबाहेर काढताना आपण आपला श्वास रोखायचा. आपल्याला श्वास घ्यावासा वाटायच्या आत मासा पाण्यात गेला पाहिजे. त्याहून चांगलं म्हणजे मासा पाण्यातच ठेवून वरून फोटो काढायचा. पाण्यात खवले चमकतात तसे हवेत चमकत नाहीत.

सोडताना मासा फेकू नये. प्रवाहाकडं तोंड करून, हलक्या हातानं, शांत वाहत्या पाण्यात धरावा. पुष्कळजण त्याला पुढं-मागं हलवतात, पण मागं ओढताना पाणी कल्ल्यांतून उलटं जातं. वाहतं पाणी असेल तर नुसतं स्थिर धरणं पुरतं. धरणाच्या साचलेल्या पाण्यात असाल तर हळूहळू पुढच्या दिशेनंच न्यावा. तो सावरला का, हे ओळखायच्या तीन खुणा आहेत. कल्ले एका लयीत उघडझाप करायला लागतात. अंग किंचित कलतं केलं तर तो स्वतःहून सरळ होतो. शेपटी अलगद चिमटीत धरली की झटका देऊन पळायला बघतो. या तीन गोष्टी झाल्या की हात सोडायचा. पोट वर करून कलत असेल तर अजून थांबायचं, मग पाच मिनिटं जावोत की दहा.

कुठला सोडायचा, कुठं सोडायचा

मृगाचा पाऊस पडला, ओढ्या-नाल्यांना लाल पाणी आलं, की आपल्याकडं चढणीच्या माशांची झुंबड होते. नदीतले मासे अंडी घालायला उलट्या प्रवाहानं ओढ्यात, भाताच्या खाचरात चढतात आणि लोक बुट्ट्या, जाळी, काठ्या घेऊन धावतात. गाभोळी भरलेल्या माशाची चव सगळ्यांना माहीत आहे. पण पोट भरलेली मादी म्हणजे पुढच्या वर्षीचे हजारो मासे. वर्षभरात एकच मासा सोडायचा ठरवला तर तो हा सोडावा. आणि तिला सोडताना पोट दाबलं जाणार नाही याची जास्त काळजी घ्यावी.

मरळीची गोष्ट वेगळी. तिची पिल्लं काठालगत झुपक्यानं फिरतात, पाण्यावर लालसर ठिपक्यांचा घोळका दिसतो. खाली आईबाप राखण करत असतात. अशा वेळी गळ टाकला की ती भुकेपेक्षा रागानं झडप घालते आणि हमखास लागते. तिला नेलं तर तासाभरात बाकीचे मासे सगळा घोळका फस्त करतात. ती चुकून लागलीच तर तिथल्या तिथं, लगेच सोडावी.

सगळेच मासे मात्र सोडायचे नसतात. आफ्रिकन मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, तो इथल्या माशांना खाऊन टाकतो. त्याच्या पालनावर केंद्र सरकारनं २००० साली बंदी घातली. तो नदीत लागला तर परत सोडणं हे भूतदयेचं काम होत नाही. चिलापीही बाहेरचीच. ती खुशाल घरी न्यावी.

आणि मासा जिथं पकडला तिथंच सोडावा. हौसेनं बादलीत घालून दुसऱ्या नदीत, विहिरीत, तळ्यात नेऊन सोडू नये. यात काय होऊ शकतं याचं उदाहरण आपल्या राज्यातच आहे. टाटांच्या वीज कंपनीच्या लोणावळ्याच्या केंद्रात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात खडशीची कृत्रिम पैदास यशस्वी केली. काम मोठं होतं. पुढं ही पिल्लं चांगल्या हेतूनं कावेरीतही सोडली गेली. पण कावेरीची स्वतःची वेगळी, कुबडवाली महसीर होती. गालिबोरेच्या कॅम्पवर गळ टाकणारे लोक मासे पकडून सोडत आणि प्रत्येकाची नोंद ठेवत. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या त्या वह्या संशोधकांनी तपासल्या तेव्हा दिसलं, की आपली निळसर पराची खडशी तिथं झपाट्यानं वाढत गेली आणि कुबडवाली दिसेनाशी होत गेली. धरणं, वाळूउपसा, सुरुंग ही कारणं आहेतच, पण बाहेरून आलेली ही भाऊबंदही त्यातलं एक कारण मानलं जातं. कुबडवालीचं शास्त्रीय नाव २०१८ मध्ये पक्कं झालं, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी ती 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेली. एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत पाहुणा म्हणून राहत नाही, घरच ताब्यात घेतो.

काही ठिकाणी मात्र गळच नको. खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य, तिकडं काळी व्याघ्र प्रकल्प, इथं कायद्यानंच मनाई आहे. काही ठिकाणी लोकांनीच पाणी राखलंय. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडात देवीचे म्हणून महसीर राखलेत, शृंगेरीत तुंगेच्या घाटावर तसेच. आपली हिरण्यकेशी आंबोलीला जिथं उगम पावते तिथल्या देवळाच्या पाण्यात २०२० मध्ये एक चिमुकला मासा शास्त्राला नवा सापडला, त्याला नदीचंच नाव दिलं, 'शिस्टुरा हिरण्यकेशी', आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. बोटाएवढा मासा, पण शेकडो वर्षं देवाच्या पाण्यात कुणी जाळं टाकलं नाही म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला.

सोडायचाच तर पकडायचा कशाला?

हा प्रश्न कुणीही विचारेल, आणि तो बरोबर आहे. नुसत्या मजेसाठी जिवाला ओढायचं आणि मग दया दाखवायची, यात विसंगती आहेच. तिला पूर्ण उत्तर नाही. एवढं मात्र खरं, की कावेरीतल्या माशाचं काय झालं हे जगाला कळलं ते त्या पकडून सोडणाऱ्यांच्या वह्यांमुळं. नदीकाठी बसणारा माणूस नदीत रसायन सोडलेलं, सुरुंग लावलेला, वाळू उपसलेली सगळ्यात आधी बघतो. त्यानं ते लिहून ठेवलं, बोलून दाखवलं, तर त्याच्या बसण्याला काही अर्थ येतो.

पोटासाठी जाळं टाकणाऱ्या भोई बांधवांना हा लेख उपदेश करत नाही. त्यांना नदी आपल्यापेक्षा जास्त कळते. ज्याला मासा खायचा आहे त्यानंही खावा, फक्त पिशवीत तडफडत ठेवू नये, लगेच मारावा. प्रश्न आहे तो मधल्या आपल्यासारख्यांचा, ज्यांना मासा खायचाही नसतो आणि नीट सोडायचाही नसतो, फक्त फोटो हवा असतो.

अशांनी पुढच्या वेळी एवढं करून बघावं. पक्कड बरोबर न्यावी, गळाचा काटा दाबावा, हात ओले करावेत, श्वास रोखून मोजावं, आणि मासा स्वतः झटका देऊन हातातून जाईपर्यंत पाण्यात उभं राहावं. मग कुणी विचारलं, 'जगला का रे तो?', तर 'पवत गेला' यापेक्षा जास्त खात्रीचं उत्तर देता येईल.